एकाच डिस्ट्रिक्टमधल्या मिडल स्कूल्सची तुलना: माझा अनुभव

मूल पाचवीत गेलं की अमेरिकेतल्या मराठी घरांत मिडल स्कूलची (सहावी ते आठवी) चर्चा सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा घरं शोधायच्या साइटवर शाळेला दहापैकी दिलेल्या रेटिंगपाशीच संपते. मी ही तुलना सरकारी आकडे काढून, शाळांना प्रश्न विचारून केली. त्यानंतर माझं मत पक्कं झालं आहे: एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या (म्हणजे एका परिसरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) शाळांमध्ये निवड करायची असेल तर रेटिंगचा उपयोग सगळ्यात कमी. स्कूल बोर्ड (डिस्ट्रिक्टचा कारभार बघणारं मंडळ) एकच, अभ्यासक्रम एकच, शिक्षकांची पगारश्रेणी एकच, बहुतेक वेळा पुस्तकंही तीच. फरक पडतो तो तीन गोष्टींत: शाळेत मुलं कुठून येतात, गणिताची वाट कशी आखली आहे, आणि दिवसाला पिरियड किती.

आधी पत्ता तपासा. घराच्या जाहिरातीत लिहिलेल्या शाळेवर विसंबू नका. डिस्ट्रिक्टच्या साइटवर स्कूल लोकेटर असतो, त्यात घरनंबरासकट पत्ता घाला. रस्त्याच्या एका बाजूला एक शाळा आणि समोरच्या बाजूला दुसरी, असं सर्रास असतं. तुमच्या एलिमेंटरीतली सगळी मुलं एकाच मिडल स्कूलला जातात की दोन ठिकाणी विभागली जातात, आणि तिथून पुढे कुठलं हायस्कूल, हेही तेव्हाच बघून घ्या. आसपास नव्या वसाहती उभ्या राहत असतील तर स्कूल बोर्डाच्या बैठकींचे वर्षभराचे अजेंडे चाळा. हद्दी बदलायचा विषय आधी तिथे येतो, पालकांना पत्र नंतर येतं.

मग राज्याचं रिपोर्ट कार्ड. २०१५च्या एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्टप्रमाणे प्रत्येक राज्याला प्रत्येक सरकारी शाळेचे निकाल जाहीर करावेच लागतात. कॅलिफोर्नियात ते स्कूल डॅशबोर्डवर मिळतात, न्यू जर्सीत स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये. किती टक्के मुलं प्रोफिशियंट, म्हणजे राज्याच्या परीक्षेत इयत्तेसाठी ठरवलेली पातळी गाठलेली, हा आकडा सगळ्यांच्या आधी डोळ्यांत भरतो. पण त्यात घरचं उत्पन्न आणि आईवडिलांचं शिक्षण इतकं मिसळलेलं असतं की शाळेने काय शिकवलं ते त्यातून वेगळं काढता येत नाही.

त्यापेक्षा तीच मुलं पुढे सरकताना बघा. तक्त्यात आडवं न वाचता तिरकं वाचायचं. समजा एका शाळेत २०२२ साली सहावीतली ६८ टक्के मुलं गणितात प्रोफिशियंट होती, तीच मुलं २०२३ साली सातवीत ६५ टक्क्यांवर आली आणि २०२४ साली आठवीत ६० वर. दुसऱ्या शाळेत हाच प्रवास ४८, ५३, ५८ असा झाला. रेटिंग पहिल्या शाळेचं जास्त राहील, पण मी दुसऱ्या शाळेबद्दल जास्त चौकशी करेन. मात्र एकाच तुकडीवर, म्हणजे एकाच वर्षी सहावीत आलेल्या मुलांवर, निष्कर्ष काढू नका. एका इयत्तेत १०० मुलं असतील तर पाचेक टक्क्यांचा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. दोन-तीन तुकड्या एकाच दिशेने जाताना दिसल्या तरच त्याला अर्थ आहे. राज्य ग्रोथ पर्सेंटाइल (आधी तेवढेच गुण असलेल्या मुलांच्या तुलनेत मुलं किती पुढे गेली, त्याचा आकडा) देत असेल तर काम सोपं होतं: ५० म्हणजे मधोमध, त्याच्या बरंच वर असेल तर मुलं अपेक्षेपेक्षा जास्त पुढे गेली.

या तिरक्या वाचनात एक खड्डा आहे, आणि तो जाणकारांच्याही नजरेतून सुटतो. टेक्सास, व्हर्जिनिया, न्यू जर्सी अशा राज्यांत आठवीत अल्जेब्रा १ (बीजगणिताचा पहिला कोर्स) घेणारी मुलं आठवीच्या गणिताची परीक्षा देत नाहीत, अल्जेब्राची देतात. म्हणजे गणितात सगळ्यात पुढे असलेली मुलं आठवीच्या आकड्यातून बाहेर पडतात आणि शाळेचा निकाल कोसळल्यासारखा दिसतो. अशा राज्यात एक तर सातवीपर्यंतच तुलना करा, नाही तर दोन्ही परीक्षांना बसलेल्या मुलांची संख्या घेऊन एकत्रित टक्केवारी काढा. याच्या उलटही घडतं. डिस्ट्रिक्टने गिफ्टेड (हुशार मुलांसाठीचा) किंवा मॅग्नेट (खास विषयाचा, हद्दीबाहेरच्या मुलांनाही घेणारा) प्रोग्रॅम एकाच शाळेच्या इमारतीत ठेवला असेल तर त्या मुलांमुळे अख्ख्या शाळेची सरासरी वर जाते. तुमचं मूल त्या प्रोग्रॅममध्ये नसेल तर ती सरासरी तुमच्या कामाची नाही.

स्टॅनफर्डच्या एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी प्रोजेक्टच्या नकाशावर सरासरी गुण आणि शिकण्याचा वेग हे दोन वेगळे करून दाखवले आहेत. स्वतः केलेला हिशेब ताडून बघायला तो चांगला. केंद्रीय शिक्षण खात्याच्या सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शनमध्ये शाळेनुसार सस्पेन्शन, नवखे शिक्षक, काउन्सेलर, अल्जेब्रा घेणारी मुलं, सगळं सापडतं. तो डेटा काही वर्षं जुना असतो, म्हणून त्यातून प्रश्न काढायचे आणि उत्तरं शाळेकडून घ्यायची. दीर्घकालीन गैरहजेरीचा आकडा मात्र मी कधीच सोडत नाही. शाळेच्या दहा टक्के किंवा जास्त दिवस, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस बुडवणारी मुलं त्यात मोजतात. शेजारच्या दोन शाळांत घरची परिस्थिती सारखी असून हा आकडा खूप वेगळा असेल, तर वातावरणात काहीतरी बिनसलं आहे. स्टुडंट-टीचर रेशोला फार किंमत देऊ नका. त्यात स्पेशल एज्युकेशनचे आणि वाचनाची मदत करणारे शिक्षकही धरलेले असतात, त्यामुळे कागदावर १६ आणि सहावीच्या गणिताच्या वर्गात ३० मुलं, हे सहज शक्य आहे. प्रत्येक सेक्शनमध्ये, म्हणजे त्या विषयाच्या एका वर्गात, किती मुलं, असं थेट विचारा.

आता गणिताची वाट. आठवीत अल्जेब्रा १ झालं तर नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जेब्रा २, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस, असा नेहमीचा क्रम बसतो. ही दारं सगळीकडे सारखी उघडी नसतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या डिस्ट्रिक्टने २०१४ मध्ये आठवीतलं अल्जेब्रा काढून टाकलं होतं, ते परत आणायचा ठराव बोर्डाने २०२४ मध्ये केला. काउन्सेलरला (मुलांचे विषय आणि वर्ग ठरवायला मदत करणाऱ्याला) विचारायचे प्रश्न असे: प्लेसमेंट, म्हणजे मुलाला गणिताच्या कुठल्या वर्गात बसवायचं ते, पाचवीच्या शेवटी ठरतं की सहावीच्या? कशावरून, मॅप नावाच्या संगणकावरच्या चाचणीवरून, राज्याच्या परीक्षेवरून की शिक्षकांच्या शिफारशीवरून? नंतर वर जायचं असेल तर रस्ता आहे का? आणि झेपलं नाही तर खाली यायची शेवटची तारीख कोणती? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडचे पालक विचारतच नाहीत. अपूर्णांक आणि गुणोत्तर कच्चं असताना मुलाला पुढच्या वर्गात ढकलू नका. अल्जेब्रात अडकणारी बरीच मुलं तिथेच अडकलेली असतात.

पिरियडची संख्या तर मुलाचा रोजचा दिवस ठरवते. इंग्रजी, गणित, सायन्स, सोशल स्टडीज आणि पीई (शारीरिक शिक्षण) हे पाच बहुतेक ठिकाणी अनिवार्य. सहा पिरियडच्या शाळेत इलेक्टिव्हला (ऐच्छिक विषयाला) एकच जागा उरते. माहितीपत्रकावर बँड, ऑर्केस्ट्रा, स्पॅनिश, कोडिंग सगळं असलं तरी मुलाला त्यातलं एकच मिळतं. सात पिरियड असतील तर बँड आणि स्पॅनिश दोन्ही जमतात. त्यातही एकच सेक्शन असलेले विषय आपसात भिडतात: सातवीचं ऑर्केस्ट्रा आणि प्रगत गणित दोन्ही फक्त तिसऱ्या पिरियडला असतील तर एकावर पाणी सोडावं लागतं. म्हणून कोर्सची यादी न मागता यंदाचं मास्टर शेड्यूल (कुठला विषय कुठल्या पिरियडला, त्याचं पूर्ण वेळापत्रक) मागा. काही शाळा सकाळी झीरो पिरियड (नेहमीच्या वेळेआधीचा जादा तास) ठेवतात, पण त्याला बस आहे का ते आधी विचारा.

यालाच जोडून होम लँग्वेज सर्व्हे, म्हणजे घरी कुठली भाषा बोलता ते विचारणारा फॉर्म. नाव नोंदवताना घरी मराठी बोलतो असं लिहिलं की बहुधा मुलाची इंग्रजीची चाचणी होते, कॅलिफोर्नियात एल्पॅक, बऱ्याच राज्यांत विडा. खरं तेच लिहा, पण चाचणीची मुलाला कल्पना द्या. त्यात मूल कमी पडलं तर इंग्रजीचा जादा वर्ग लागू शकतो, आणि सहा पिरियडच्या शाळेत तो बहुतेकदा इलेक्टिव्हच्याच जागी बसतो. भारतातून नुकते आला असाल तर लसीकरणाची नोंद इंग्रजीत करून आणा. टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) बऱ्याच राज्यांत सहावी-सातवीला सक्तीची आहे. व्हिसाची चौकशी शाळा प्रवेशासाठी करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या १९८२ च्या प्लायलर खटल्यापासून तसं आहे.

हद्दीबाहेरची शाळा आवडली तर डिस्ट्रिक्टअंतर्गत ट्रान्सफरचा अर्ज असतो. त्याची मुदत बहुतेक ठिकाणी आदल्या हिवाळ्यातच संपते, आणि अर्ज जागांपेक्षा जास्त आले की सोडत निघते. ट्रान्सफरवाल्या मुलांना बस सहसा मिळत नाही, म्हणून शाळा सुटल्यानंतरच्या क्लबच्या दिवसांसकट ने-आण कोण करणार ते आधी ठरवा. मंजुरीच्या पत्रात तीन गोष्टी शोधा: मंजुरी आठवीपर्यंत आहे की दरवर्षी नवा अर्ज, धाकट्या भावंडाला प्राधान्य आहे का, आणि पुढचं हायस्कूल नव्या शाळेप्रमाणे मिळेल की घरच्या पत्त्याप्रमाणे. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये ते घरच्या पत्त्याप्रमाणेच मिळतं.