तुम्ही विचारलंत म्हणून: इजेच्या मेडिकल कोडच्या शेवटी ‘ए’ लावायचं का ‘डी’?

रामबागेत आमच्या घरी संध्याकाळी मेडिकल कोडिंग, म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून आजाराला नाहीतर इजेला आयसीडी-१०-सीएम यादीतला कोड लावणं, शिकायला मुलं येतात, ती हमखास विचारतात, ताई, पेशंट पहिल्यांदा आला तर ए आणि नंतर आला तर डी, बरोबर ना? नाही, बरोबर नाही. मीपण अमेरिकेतले चार्ट, म्हणजे तिथल्या पेशंटच्या भेटींच्या नोंदी, करायला लागले तेव्हा असंच धरून चालले होते, फॉलो-अप असं लिहिलेलं दिसलं की डी, आणि ऑडिटमधून चार्टच्या चार्ट परत आले तेव्हा फार वाईट वाटलं, कारण शिकवताना आम्हाला कोणी हे नीट सांगितलंच नव्हतं.

कोडमधलं हे शेवटचं अक्षर, म्हणजे सातवा कॅरेक्टर, भेट कितवी ते सांगतच नाही, इलाज कुठवर आलाय ते सांगतो. समजा इंदूरच्याच एक काकू मुलाकडे न्यू जर्सीला गेल्या, बर्फावर घसरल्या, उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलं, त्याला कोलीज फ्रॅक्चर म्हणतात, हाड बाहेर आलेलं नाही. इमर्जन्सीत स्प्लिंट बांधलं, एस५२.५३१ए. तीन दिवसांनी हाडांच्या डॉक्टरने बघून ऑपरेशन ठरवलं, तेही ए. प्लेट बसवली, परत ए, कारण अजून मूळ इलाजच चाललाय. मग दहा-बारा दिवसांनी टाके काढले, हाड जुळतंय का म्हणून एक्स-रे काढला, मूळ इलाज झालाय, आता डी. आणि मधेच मुलाची बदली टेक्सासला झाली, काकू तिथल्या नव्या डॉक्टरकडे एक्स-रे दाखवायला गेल्या, त्याच्याकडे पहिलीच भेट, नवा फॉर्म भरला, तरी डीच!

खरी गडबड पुढे होते. काही महिन्यांनी हाड जुळलंच नाही आणि त्यासाठी परत ऑपरेशन केलं तर हात आपोआप ए कडे जातो, पण तिथे के लागतो. वाकडं जुळलं तर पी, उशिरा जुळतंय तर जी. मात्र पेशंट हाड मोडल्यापासून कुठे दाखवायलाच गेला नसेल आणि आत्ता पहिल्यांदा इलाज होतोय, तर ए.

म्हणून मी मुलांना सांगते, चार्टचं हेडिंग राहू द्या, खाली प्लॅन वाचा, आज डॉक्टरने नेमकं काय केलं ते बघा. परवा एकीने अशाच फ्रॅक्चरच्या टाके काढायच्या भेटीला आफ्टरकेअरचा, म्हणजे इलाजानंतरच्या देखभालीचा, झेड कोड लावला होता. अगं, इजा आहे ना ही, इजेला तो झेड कोड नाही चालत, तोच एस५२ घे आणि शेवटी डी लाव.