तुम्ही विचारलंत म्हणून: केळं बेरी, मग स्ट्रॉबेरी का नाही?

बॉटनी शिकवते म्हटलं की हा प्रश्न येतोच, केळं म्हणे बेरी आणि स्ट्रॉबेरी म्हणे बेरी नाही, खरंय का आणि हे ठरवतं कोण. खरंय. आणि ठरतं ते फुलावरून. चव, आकार, गोड की तिखट यातलं काही बघायचंच नसतं, फुलाच्या मधोमध जो बीजकोश असतो त्याचं पुढे काय झालं ते बघायचं.

बीजकोशाची भिंत वाढून फळाची भिंत होते, तिचे तीन थर, बाहेरची साल, मधला गर आणि बियांना लागून असलेला आतला थर. एका फुलातला एकच बीजकोश वाढून गरदार झाला आणि आत कुठेही टणक कवच झालं नाही तर ती बेरी, आपल्या पुस्तकांत मृदुफळ. द्राक्ष, टोमॅटो, वांगं, पेरू, अगदी मिरचीसुद्धा. केळ्यात बिया नसतात कारण खायच्या जाती बी न धरताच फळ धरतात, मधले काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडं, म्हणजे ज्यांची पुढे बी व्हायची ती, रानकेळ्यात मात्र चांगल्या टणक बिया असतात.

आतला थर दगडासारखा झाला की ते अश्मगर्भी फळ, म्हणजे ड्रूप. आंबा, पीच, चेरी. आंब्याच्या कोयीचं कवच हा फळाचाच भाग आहे हो, बी त्याच्या आत असते! आणि खजूर? दिसतो ड्रूपसारखा पण त्यातला टणक भाग स्वतः बीच आहे, तिच्याभोवती नुसता पातळ पापुद्रा, म्हणून खजूर एका बीची बेरी. मला हे उदाहरण फार आवडतं कारण इथे नुसतं बघून चालत नाही, कापावंच लागतं.

आता स्ट्रॉबेरी. तिच्या एका फुलात पुष्कळ सुटे बीजकोश असतात, पुष्पासनावर म्हणजे फुलाच्या बैठकीवर बसलेले. प्रत्येकाचं एक बारीक कोरडं फळ होतं, वरून जे दाणे दिसतात ती खरी फळं, आणि लाल रसाळ भाग म्हणजे ती बैठकच फुगलेली. १९५० मध्ये निच या शास्त्रज्ञाने वाढत्या स्ट्रॉबेरीवरचे दाणे काढून टाकले तर बैठकीची वाढ थांबली, मग त्याजागी ऑक्झिन हे हार्मोन लावलं तर परत वाढायला लागली. म्हणजे ते दाणेच तिला फुगवतात, किती सुंदर प्रयोग आहे हा! रासबेरीत तेच सुटे बीजकोश रसाळ होतात, तिचा प्रत्येक मणी एक छोटा ड्रूप. तुतीत तर अख्ख्या फुलोऱ्याचं मिळून एक फळ.

यावर पुढचा प्रश्न हमखास येतो, की मग एका प्रकारची फळं देणारी झाडं एकमेकांची नातेवाईक का. तसं अजिबात नाही. स्ट्रॉबेरी, रासबेरी, पीच, सफरचंद ही सगळी गुलाबाच्या कुळातली, म्हणजे नातेवाईकच, तरी फळं एका प्रकारची नाहीत, आणि यातल्या एकाचंही फळ बेरी नाही.