येऊरची पहाट आणि बुलबुलाच्या रक्ताचा थेंब

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे पाच वाजता रिक्षाने ठाण्यातल्या उपवन तलावाच्या बाजूने येऊरला वर चढलो. कारण असं की ओळखीतल्या एक मॅडम जंगली पक्ष्यांच्या रक्तातल्या परजीवींवर पीएचडी करतायत आणि त्यांना वहीत नोंदी करायला एक माणूस हवा होता. जाणाऱ्यांना पहिलंच सांगतो, रिक्षा आदल्या रात्री ठरवून ठेवा, पहाटे बसच्या भरवशावर राहू नका, आणि अंधारात पायी तर अजिबात चढू नका, येऊर हा संजय गांधी नॅशनल पार्कचाच भाग आहे आणि बिबटे तिथलेच आहेत.

उजाडायच्या आत पाड्यावरच्या मामांनी दोन बांबूंच्या मध्ये काळी बारीक जाळी ताणली, मिस्ट नेट म्हणतात तिला, दहा पावलांवरून दिसतसुद्धा नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी जाळी बघायलाच लागते, नाहीतर अडकलेला पक्षी थंडीने नाहीतर घाबरून दगावू शकतो. मामा म्हणाले, "दादा, बोलू नका, पाय पण हळू टाका." तेवढं मात्र खरंच पाळा.

पहिला सापडला शिपाई बुलबुल, २७ ग्रॅमचा. कापडी पिशवीतून काढून मॅडमनी पायात नंबर असलेलं कडं घातलं, पंख उलटा धरून फुंकर मारली तर पिसांखाली निळसर शीर दिसली, तिला बारीक सुईने टोचलं आणि काचेच्या केसाएवढ्या नळीत रक्त आपोआप चढलं. वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त रक्त घ्यायचं नाही असा दंडक आहे, मॅडम त्याहूनही खूप कमी घेतात, दोन-तीन थेंब फक्त. मग कापूस दाबून धरला, रक्त थांबल्याची खात्री केली आणि सोडलं. समोरच्या करवंदीच्या झुडपात जाऊन तो लगेच ओरडायला लागला तेव्हा मला फार बरं वाटलं.

दुसरा सापडला कवडा, पारव्याच्याच कुळातला. त्याच्या पिसांतून एक चपटी माशी खेकड्यासारखी तिरकी पळाली आणि मॅडमनी ती चिमट्याने पकडून बाटलीत टाकली. पारव्यांमध्ये हिमोप्रोटियस नावाचा परजीवी अशाच माशीच्या चावण्यातून जातो. पक्ष्यांचा मलेरिया मात्र डासांतून पसरतो, आणि रोनाल्ड रॉसने १८९८ साली कलकत्त्यात हा डासाचा मार्ग सिद्ध केला तो चिमण्यांसारख्या पक्ष्यांवरच, नोबेल मिळालं १९०२ ला. आपल्याला मात्र हा पक्ष्यांचा मलेरिया होत नाही, त्यामुळे घाबरून पक्ष्यांना हाकलू नका. हवाई बेटांवर मात्र बाहेरून आलेल्या डासांमुळे आणि या मलेरियामुळे तिथल्या पक्ष्यांच्या जाती संपत गेल्या, ते ऐकताना मन खरंच जड झालं.

सकाळीच रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून स्लाइड केल्या होत्या, दुपारी एका कॉलेजच्या लॅबमध्ये त्या बघितल्या. माणसाच्या लाल पेशीत केंद्रक नसतं, पक्ष्याच्या पेशीत असतं, गिम्सा नावाच्या रंगात बुडवल्यावर लंबगोल फिकट पेशी आणि मध्ये जांभळं बी. हजारपट मोठं करून बघताना कवड्याच्या एका पेशीत त्या बियाला वळसा घालून बसलेलं काहीतरी दिसलं, आत सोनेरी-तपकिरी दाणे. "हाच तो," मॅडम म्हणाल्या. मी बराच वेळ डोळा काढला नाही. प्रत्येक लाल पेशीत केंद्रक असल्यामुळे डीएनए मिळायला एक थेंबही पुरतो, आणि कोणता परजीवी कोणत्या वंशाचा हे त्यातून कळतं. मॅडमचा खरा प्रश्न असा की हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे वटवटे पक्षी इथे परजीवी आणतात की इथूनच घेऊन जातात. म्हणून इथेच जन्मलेली, कधी बाहेर न गेलेली पिल्लं त्यांना सगळ्यात मोलाची वाटतात, कारण त्यांच्यात सापडलं म्हणजे लागण इथेच झाली.

एक चूक आमच्याकडून झाली, सकाळी दवामुळे तीन स्लाइड ओल्या राहिल्या आणि त्यातल्या पेशी आक्रसल्या, मग बघून काहीच कळेना. तुम्ही असं काम करायला जात असाल तर बॅटरीवरचा छोटा पंखा आणि झाकणाचा डबा न्या, स्लाइड एका मिनिटात सुकली पाहिजे आणि मुंग्यांपासून लांब ठेवली पाहिजे. स्लाइडवरचं रक्त पक्कं करायला लागणाऱ्या मिथेनॉलची बाटली सावलीत ठेवा.

बाकी कपडे मळकट हिरवे-तपकिरी, परफ्यूम नको, पाणी दोन लिटर, खाणं पिशवीत बंद कारण माकडं हातातून ओढतात. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. आणि स्वतःहून जाळी लावायचा विचारही करू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय पक्षी पकडणं गुन्हा आहे. जायचंच तर आधी परवानगी असलेल्या कोणाबरोबर वही धरायला जा.

कुठे पायात कडं असलेला पक्षी दिसला तर नंबर वाचून, फोटो काढून, जागा आणि तारीख बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. आमच्या त्या बुलबुलाच्या डाव्या पायात आहे.