"मपलं" म्हणणारी माझी आई

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. आम्ही महादेव कोळी. आईच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा मी पुण्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. पिवळं रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राकडे खेपा घातल्या आणि महात्मा फुले योजनेतून मंजुरी मिळाली. कागदांचं निभलं.

निभेना ते आईचं गप्प होणं. पहिल्या दवाखान्यात ती आमच्या बोलीत "मपल्या (माझ्या) काखंत दुखतंय" म्हणाली आणि सिस्टर शेजारणीकडे बघून हसल्या. कपाळावरचा अंगारा पाहून "अजून भगताकडं जाता?" असंही झालं. त्यानंतर काहीही विचारा, आई "बरंय" एवढंच म्हणायची. झाडपाल्याचा काढा चालू होता, तोही तिनं लपवला. माझ्यापासूनसुद्धा.

केमो दुसरीकडे सुरू झाली. तिथल्या सिस्टर स्टूल ओढून शेजारी बसल्या. "मावशी, गावाकडं काय काय घेत होता? मला कळलं तर औषध नीट देता येईल." आईनं पदराची गाठ सोडून मुळी दाखवली. त्यांनी ती हिसकावली नाही, नाक मुरडलं नाही. डॉक्टरांना विचारून आल्या: केमोचं औषध यकृतातून जातं, काढ्याचाही भार तिथंच पडू शकतो, तेव्हा कोर्स संपेपर्यंत काढा थांबवू. अंगारा राहू द्या. लाल औषध चढवण्याआधी त्यांनी हेही सांगून ठेवलं की एकदोन दिवस लघवी लाल होईल, ते रक्त नव्हे. नाहीतर आई घरी जाऊन धास्तावली असती, आणि कुणाला बोललीही नसती.

मग म्हणाल्या, "रात्री ताप आला तर गाडी कुठली?" हे मला, नर्सिंग शिकणारीला, सुचलं नव्हतं. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात; ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की सकाळच्या एसटीची वाट बघायची नसते. १०८ ला फोन, आधी घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, हातात केमोची फाईल, असं ठरलं. थर्मामीटर बघायला धाकट्या भावाला शिकवलं.

न्यूझीलंडच्या माओरी नर्स इरिहापेती राम्सडेन यांनी सांस्कृतिक सुरक्षिततेचा विचार मांडला. सेवा सुरक्षित वाटली की नाही, ते घेणाऱ्यानं ठरवायचं. हे वाचताना मला आईचं "बरंय" आठवत राहिलं.

पाचव्या डोसला औषध बदललं. सहाव्याला सिस्टर सलाईन लावायला आल्या, तर त्यांनी काही विचारायच्या आत आईच म्हणाली, "बाई, मपल्या पायाला मुंग्या येत्यात. रातच्याला जास्ती."