ढवळ्याला इंजेक्शन कशाचं दिलं?

२०२२ चा पोळा होऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तर ढवळ्याच्या मानेवर सुपारीएवढ्या गाठी आल्या. ताप इतका की त्याने कुटाराला तोंड लावलं नाही. डॉक्टर आले, लम्पी म्हणाले. पायावरची गाठ फुटून माशा बसायला लागल्या, तेव्हा त्यांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन भरलं.

मी बारावी सायन्स. लम्पी विषाणूचा रोग आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, एवढं पक्कं माहीत होतं. म्हणून विचारलं. "विषाणूसाठी नाही ताई, त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी," डॉक्टर म्हणाले.

ते मागून येणारे म्हणजे जिवाणू. जिवाणू एका पेशीचा, पण अख्खा जीव. खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. आपलं दहीही तोच लावतो. बहुतेकांच्या पेशीला भिंत असते आणि पेनिसिलिन ती भिंत नीट बांधू देत नाही. विषाणूला अशी भिंतच नाही, खाणंपिणंही नाही. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्या नकला करून घेतो. तिथे पेनिसिलिन काय मोडणार? ढवळ्याची कातडी विषाणूने फोडली आणि त्या वाटेने शेणामातीतले जिवाणू आत शिरले. १९१८ च्या फ्लूतही बहुतेक माणसं शेवटी जिवाणूंच्या न्यूमोनियाने गेली.

पवळ्या धडधाकट होता, त्याला शेळ्यांच्या देवीची लस टोचली. लम्पीचा विषाणू त्याच भावकीतला.

पुढे वाचत गेले तेव्हा एका गोष्टीने मला हलवून सोडलं. आमच्या शिवेवर मरीमायचं ठाणं आहे, पटकीच्या भीतीने बसवलेलं. पटकी जिवाणूचीच. पण माणसाचं पाणी पाणी करणारं जे विष तो जिवाणू सोडतो, त्याचं जनुक त्याला एका विषाणूने आणून दिलेलं असतं. हे १९९६ साली कळलं. जिवाणूंनाही विषाणू लागतात. कित्येक तर त्यांना फोडून मारतात. हा मात्र मारत नाही, आत घर करून राहतो. गावंच्या गावं उठवली ती या दोघांनी मिळून.

मामाजी रोज कडुलिंबाच्या पाण्याने जखम धुवायचे. दिवाळीनंतर ढवळ्या पुन्हा जुवाखाली आला.

परवा पोरीला सर्दी झाली. डॉक्टरांनी तपासून साधी सर्दी सांगितली, तापाची गोळी दिली. सासूबाईंचा जीव राहीना. "ढवळ्याले देल्लं तसं एक इंजेक्शन हिलेबी द्या म्हणा ना." मी त्यांना ढवळ्याच्या पायावरचा वण दाखवायला गोठ्यात घेऊन गेले.