25ची फाईल 22 भरली

बोरिवलीहून दादरला माझ्याकडे रूट कॅनालसाठी आलेल्या काकूंची खालची उजवी पहिली मोठी दाढ. चहा घेतला तरी ठणका, रात्रीची झोप नाही. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली मात्र नव्हती. पुढच्या मुळातल्या गालाकडच्या कॅनालमध्ये, म्हणजे नस असते त्या नळीत, 25 नंबरची (नंबर टोकाच्या जाडीचा), 4 टक्के टेपरची, म्हणजे वर जाड होत जाणारी निकेल-टायटॅनियम फाईल, नळी साफ करणारी बारीक सुई, मोटरवर 300 आरपीएमने चालू होती. बोटांना बारीकसा टक्क जाणवला. फाईल काढून पट्टीवर धरली, तर 25 मिलिमीटरऐवजी 22.

अशा वेळी दुसरी फाईल घाईने आत घालू नये, तुकडा खाली ढकलला जातो. आधी एक्स-रे काढला. 3 मिलिमीटरचा तुकडा वळणाच्या पलीकडे बसला होता. रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) काढून काकूंना तिथल्या तिथे सांगितलं.

"पोटात तर नाही ना गेला, डॉक्टर?"

"नाही काकू, दातातच आहे. त्याच्या बाजूने वाट मिळते का, ते पुढच्या वेळी बघू."

तुकड्यामुळे आजार होत नाही. त्याच्याखाली साफ न झालेली नस आणि जंतू राहिले, तर होतो. इथे नस जिवंत होती, टोकाशी संसर्ग नव्हता, म्हणून मला आशा होती.

पुढच्या बैठकीत मायक्रोस्कोपखाली तुकड्याचं डोकं दिसेना. दिसलं असतं तर बाकीच्या कॅनालांच्या तोंडांत कापसाचे बोळे ठेवून, अल्ट्रासोनिक (बारीक थरथरणारी) टिप कमी पॉवरवर, घड्याळाच्या उलट दिशेने तुकड्याभोवती फिरवली असती. टिप कोरडी चालते आणि उष्णता मुळाबाहेर हाडापर्यंत जाते, म्हणून दर काही सेकंदांनी थांबावंच लागतं. न दिसणाऱ्या तुकड्यामागे खणत जाणं मला मान्य नाही. या मुळाची, दोन मुळांच्या फाट्याकडची भिंत पातळ असते. तिला भोक पडलं, तर तुकडा निघूनही दाढ गमवायची वेळ येते.

म्हणून बायपास. कॅनालचा छेद बहुधा लांबट असतो आणि फाईल गोल, त्यामुळे एका बाजूला फट राहते. 8 नंबरच्या स्टीलच्या, हाताने फिरवायच्या के-फाईलचं शेवटचं 1 मिलिमीटर वाकवलं, वाकाची दिशा कळावी म्हणून फाईलवरच्या रबरी स्टॉपरची खूण त्याच बाजूला ठेवली. कॅनालमध्ये 17 टक्के ईडीटीए, म्हणजे भिंत मऊ करणारं द्रावण. जोर न देता पाव फेरा इकडे, पाव तिकडे. टणक लागलं की मागे घेऊन दिशा बदलायची. टोक चिकटून धरल्यासारखं वाटलं, की वाट तीच. 40 मिनिटांनी ते धरलं गेलं. इथे मोह होतो फाईल काढून मोठी घालण्याचा. तसं केलं तर वाट हरवते. तीच फाईल मिलिमीटरभर वरखाली करत सैल होऊ दिली, एक्स-रेत ती टोकापर्यंत दिसली, मगच 10, 15, 20. सगळं हातानेच. तुकड्याशेजारी मोटर लावली, तर दुसरी फाईलही तुटते. मधूनमधून जंतू मारणाऱ्या 3 टक्के हायपोक्लोराइटने भरपूर धुतलं आणि तुकडा आत ठेवूनच कॅनाल भरला.

तुटलेल्या टोकाचे पीळ उलगडलेले नव्हते. म्हणजे फाईल अडकून पिळवटली नव्हती, वळणात फिरून थकली होती. कॅनालच्या तोंडावरचा डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) ओठ मी पुरता काढला नव्हता, त्यामुळे ती वरही वाकत होती आणि खालीही. शिवाय ती आधी वापरलेली होती.

काकूंच्या हातात दिलेल्या कागदावर दाढ, कॅनाल, तुकड्याची लांबी आणि बायपास झाल्याची नोंद आहे. सोबत शेवटचा एक्स-रे. पुढचा 6 महिन्यांनी.