संपलेल्या मतांचा गठ्ठा फुगला तेव्हा

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मोजणी म्हणजे ईव्हीएम नाही, कागद. त्यावर मतदार उमेदवारांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहितो. सकाळी आठला पेट्या फोडल्या तरी पहिली पसंती बघायला दुपार उजाडते. आधी मतपत्रिका नुसत्या मोजायच्या, 25-25चे गठ्ठे बांधायचे, सगळ्या केंद्रांचे गठ्ठे हौदात मिसळायचे आणि मग टेबलागणिक 40 गठ्ठे, म्हणजे 1000 मतपत्रिका द्यायच्या. 2023 साली अमरावती पदवीधरची मोजणी 2 फेब्रुवारीला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी संपली, ती उगाच नाही.

अशाच एका मोजणीला मी पर्यवेक्षक होतो. आमच्या टेबलावर आधी नेहमीचाच घोळ. मतदान केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच आकडा काढायचा असतो. 1 किंवा १ चालतो, रोमन आकडाही चालतो. अक्षरी ‘एक’ लिहिलं की मत बाद, बरोबरची खूण केली की बाद, खाली सही ठोकली तरी बाद. शिकलेल्यांच्याच मतदारसंघात सह्या जास्त का सापडतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. दोन उमेदवारांपुढे ‘2’ असेल तर मात्र पत्रिका फेकायची नाही. पहिली पसंती धरायची. पुढे तिची पाळी आली की ती तिथेच संपते, म्हणजे कुणाच्याच खात्यात जात नाही. ‘1’नंतर एकदम ‘3’ असेल तरी तेच.

वैध मतांची निम्मी अधिक एक, अपूर्णांक सोडून, हा कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं. 1000 मतं वैध असतील तर 501. पहिल्या पसंतीत कुणीच तिथवर पोहोचलं नाही. मग सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायच्या.

गडबड झाली ती चौथा उमेदवार बाद होताना. त्याच्या गठ्ठ्यातल्या एका पत्रिकेवर ‘1’ त्याच्यापुढे, ‘2’ आधीच बाद होऊन गेलेल्या उमेदवारापुढे, ‘3’ अजून शर्यतीत असलेल्याकडे. टेबलावरच्या सहायकाने ‘2’ वाला गेलाय एवढंच बघून ती ‘संपलेली’च्या खणात टाकली. नियम असा की बाद झालेल्याचं नाव ओलांडून पुढे जायचं. ‘3’ हीच त्या मताची पुढची पसंती. मत संपतं ते पुढे आकडाच नसला, क्रम तुटला किंवा दुहेरी झाला तरच.

यात वाईट हे की तक्ता जुळला. टिकून असलेल्यांची मतं अधिक संपलेली मतं, बेरीज वैध मतांइतकी, एकही कमीजास्त नाही. पत्रिका चुकीच्या खणात गेली तरी बेरजेला कळत नाही. शंका आली ती एका मतमोजणी प्रतिनिधीला: बाकीच्या टेबलांच्या मानाने आमचा संपलेल्यांचा गठ्ठा जाड दिसत होता. चूक आमचीच होती. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना सांगून तो गठ्ठा पहिल्यापासून सोडवला आणि प्रत्येक पत्रिकेवर बोट ठेवून आकडे मोठ्याने वाचले: एक, गेलेला, दोन, गेलेला, तीन, आहे. पुढच्या सगळ्या फेऱ्यांत बाद उमेदवारांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून खणांच्या वर चिकटवली.

संपलेल्या मतांनी कोटा खाली येत नाही, म्हणून शेवटी एकटाच उरलेला उमेदवार कोट्याशिवायही निवडून येतो. ‘कोटा नाही तर विजय कसला?’ हा वाद दर मोजणीला ठरलेला.

विधान परिषदेचीच, पण आमदार मतदान करतात ती निवडणूक याहून वेगळी, कारण तिथे जागा अनेक. दर मताचं मूल्य 100. जुलै 2024 मध्ये 11 जागांसाठी 274 मतं होती: 27400 भागिले 12 (जागांहून एक जास्त), अधिक एक, अपूर्णांक सोडून कोटा 2284. समजा कुणाला पहिल्या पसंतीची 26 मिळाली, तर 2600 वजा 2284, वरचे 316 पुढे सरकतात. सगळ्या 26 पत्रिकांवर पुढची पसंती असेल, तर प्रत्येकी 12च्या मूल्याने. पदवीधरमध्ये हे वरचं वाटप नसतंच. कोटा गाठला की मोजणी थांबते.

आमची रात्री अडीचला थांबली.